हजार मीटरखालचं पाणी

अरबी समुद्रातल्या संशोधन-मोहिमेवर विद्यार्थ्याचा बराचसा वेळ ‘रोझेट’पाशी जातो. धातूची एक मोठी गोल चौकट, तिच्यात कडेने उभ्या लावलेल्या, दोन्ही टोकांना उघड्या निस्किन बाटल्या आणि सोबत सीटीडी. म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाबावरून खोली मोजणारं यंत्र. हे सारं विंचच्या तारेवरून खाली सोडतात आणि आकडे त्याच तारेतून वर पडद्यावर येत राहतात. बाटल्या मात्र वर येताना बंद करायच्या. ठरलेल्या खोलीवर थांबून संगणकावरून आज्ञा दिली की तिथलं पाणी कोंडलं जातं.

रोझेट डेकवर आलं की रात्र असो की दिवस, हात चालू लागतात. विरघळलेल्या ऑक्सिजनचा मान पहिला, कारण हवेशी संबंध आला की नमुना बिघडतो; क्षारतेचं पाणी शेवटी काढलं तरी चालतं. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि पाणी काठावरून वाहू द्यायचं. हजार मीटरवरच्या पाण्याने बोटं गारठतात. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून, बूच लावून बाटली हलवायची.

इथे पुस्तकातला समुद्र डोळ्यांना दिसतो. पृष्ठभागाच्या पाण्यात गडद तपकिरी साका बसतो. खालच्या बाटल्यांत तो फिका होत जातो आणि कुठे कुठे जवळजवळ पांढराच राहतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरदरम्यान ऑक्सिजन अत्यंत कमी आहे, हे त्या रंगांवरून कुणालाही कळावं. नंतर आम्ल घालून मोकळं झालेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजतात. स्टार्चचा निळा रंग गेला, की ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली ही पद्धत आजही सेन्सरची चूक पकडते. यंत्राचा आकडा माणसाच्या हाताने तपासायचा, हे शिक्षण किनाऱ्यावरच्या वर्गात मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातल्या दोनापावलाच्या या संस्थेची माणसं आधी ‘गवेषणी’ या जहाजावरून आणि २०१४पासून ‘सिंधु साधना’वरूनही समुद्रावर जात आली आहेत. कळंगुटशेजारच्या कांदोळीसमोर १९९७पासून ही मोजमापं वारंवार होत आली आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस तिथल्या उथळ समुद्राच्या तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो, कधी पाण्याला हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. कोकणच्या मच्छीमाराच्या जाळ्याशी थेट नातं असलेली ही गोष्ट आहे.

असं काम वर्षानुवर्षं टिकायचं तर नवे हात घडत राहिले पाहिजेत. म्हणून प्रत्येक मोहिमेत एक-दोन जागा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. ब्युरेट धरता येणारी मुलं तिथल्या महाविद्यालयांत आहेत.