डबा न घेता गोदाकाठी

आमच्या लातूर भागात सहल म्हटलं की एकच, येळवस. म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस, अन् सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. नुसतं वर्णन ऐकून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण मैत्रिणींनो, त्या दिवशी घरातली बाई किती वाजता उठते, हे कुणी विचारतं का? मी पहाटे तीनला उठते. आदल्या रात्री बारापर्यंत भाज्या निवडलेल्या असतात. शेतात पोचलं की वाढायचं, परत आलं की घासायचं. सगळ्यांची सहल होते, आपली ड्यूटी होते.

म्हणून मागच्या हिवाळ्यात येळवशीनंतर पंधरा दिवसांनी मी घरात जाहीर केलं की, आपण नांदेडला जायचं. किल्ल्यातली बाग बघायची, गोदावरी बघायची, आणि डबा न्यायचा नाही. हे म्हणाले, "मार्चनंतर गाडी करून जाऊ सगळे." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय. तो मार्च काही उजाडत नाही. मी म्हटलं, तुम्ही मार्चमध्ये या, आम्ही रविवारी जातो.

थोरल्या जाऊबाई लगेच तयार झाल्या. दोन पोरं होतीच, लेक सातवीतली आणि धाकटा चौथीतला. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. त्यांचं वय शहात्तर. त्यांना विचारलंच नव्हतं, गुडघे दुखतात म्हणून. तर त्याच कोपऱ्यातून बोलल्या, "मी बी येते की. बाग बगावी म्हन्ते."

मामींना आणि बागेची हौस? मला जरा नवलच वाटलं. पण निघालो.

सकाळी सहाची एसटी. चाकूर, अहमदपूर, लोहा करत साडेतीन तासांचा रस्ता. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. कंडक्टरनी आम्हा दोघींना अर्धं दिलं, लेकीला अर्धं, धाकट्याला अर्धं, मामींचं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाले, "पूर्ण तिकिटाचं मानूस कुनीच न्हाई का तुमच्यात?" सगळी गाडी हसली. पण खरं सांगू, ही अर्ध्या तिकिटाची सोय नसती तर आम्ही मार्चचीच वाट बघत बसलो असतो. घरखर्चातून वाचवलेल्या पैशात पाच माणसांचा प्रवास बसतो, तेव्हा परवानगीचा सूरसुद्धा बदलतो.

विष्णुपुरी मागं पडली आणि गाडी गोदावरीच्या पुलावर आली. धाकटा खिडकीला नाक लावून उभा राहिला. हा पोरगा 2016 च्या एप्रिलमधला. त्याच महिन्यात, 12 तारखेला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी बाळंतीण आणि घरात पाणी मोजून. बाळाचे कपडे धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासला. गल्लीत याला बरेच दिवस ‘रेल्वे’च म्हणायचे. ड्रम, टाकी, टँकर याला सगळं पाठ, पण भर हिवाळ्यात एवढं रुंद वाहतं पाणी त्यानं पहिल्यांदाच बघितलं. विचारतो कसा, "आई, हे कुणाचं पाणी आहे?"

आता बागेबद्दल. नंदगिरी किल्ला जुन्या नांदेडात आहे, रेल्वे स्टेशनपासून चारेक किलोमीटर. रिक्षानं जाता येतं. तिन्ही बाजूंनी गोदावरी. आत बाग आहे आणि पाणीपुरवठ्याची जुनी व्यवस्था आहे. डोळे दिपतील असं काही नाही, हे आधीच सांगते. आमच्या शाळेच्या काळात मराठवाड्यातली सहल म्हणजे पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान असायचं, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेलं. रंगीत कारंजी आणि झगमगाट. तसलं मनात धरून नंदगिरीला जाल तर नाराज व्हाल. इथं जुनी भिंत आहे, झाडं आहेत, वारा आहे आणि खाली नदी आहे. मला तेवढं पुष्कळ झालं.

किल्ला नदीला का चिकटलेला आहे, ते भिंतीशी उभं राहिलं की आपोआप कळतं. नदीच खंदकाचं काम करते. पोरांना पुस्तकातलं ‘जलदुर्ग, गिरिदुर्ग, भुईकोट’ पाठ असतं, पण पाण्यानं वेढलेला म्हणजे काय, हे माझ्या लेकीला इथं समजलं. धाकट्याला मात्र दुसरंच पडलेलं. किल्ल्यात पाण्याचं काम आहे म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "इथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" लातूरकराचं लेकरू, दुसरं काय विचारणार!

मग आम्ही बसलो. नुसतं बसलो. हे लिहायला सोपं आहे हो, पण करायला किती अवघड! आमच्या गावच्या बागांत मी रोज बघते. बाई बागेत दिसली तर ती चालत तरी असते, शुगर आहे म्हणून, नाहीतर लेकराच्या झोक्याला हात लावून उभी असते. बाकावर रिकामी बसलेली बाई दिसली की येणारा-जाणारा वळून बघतो, घरी काही झालं की काय! पुरुष मात्र दिवसभर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही. पहिली दहा मिनिटं मलाही चैन पडेना. काही सांडलंय का, कुणाला काही हवंय का, असं सारखं वाटत होतं. जाऊबाई तर पर्स उघडून जुन्या पावत्या निवडायला लागल्या!

पोरांनी तोवर चपट्या दगडांची लगोरी रचली होती. चेंडू नव्हता, तर रुमालाची गाठोडी केली. दोन अनोळखी पोरं येऊन मिळाली. त्यांच्या आईनं लांबूनच हात केला, मी हात केला. पुढं दोन तास कुणाला आईची आठवण आली नाही.

मधे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या पानावर नाही सांगायची तर कुठं सांगायची? बायका प्रवासाला निघाल्या की पाणी प्यायचं सोडतात. मी पण तशीच. मागं एकदा दुसऱ्या एका गावच्या बागेत गेलो होतो, नाव नको. बायकांच्या संडासाला कुलूप. रखवालदार म्हणाला, चावी साहेबाकडं आहे आणि साहेब सुट्टीवर. लेकीला घेऊन परत बसस्टँडपर्यंत पळावं लागलं. तेव्हापासून माझा नियम, बागेत शिरल्या शिरल्या आधी ती सोय विचारायची आणि मगच सतरंजी अंथरायची. लाजायचं नाही. कारंजं नसलं तरी चालतं, ही सोय नसली तर बाई बागेत अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही. बागेच्या उद्घाटनाच्या भाषणात मात्र हे कुणी बोलत नाही.

दुपारच्या जेवणाला गुरुद्वारात गेलो. सचखंड गुरुद्वारा. दहावे गुरू गोविंदसिंगजी 1708 मध्ये नांदेडलाच राहिले आणि इथंच त्यांनी देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1830 च्या दशकात बांधून घेतलेली. 2008 ला गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा शहराचे रस्ते, घाट सगळ्यांचाच कायापालट झाला. डोक्यावर पदर घेऊन लंगरच्या पंगतीत बसलो. कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. ताटात गरम रोटी पडली आणि माझ्या लक्षात आलं, आज सकाळपासून मी गॅस पेटवलेला नाही. मामी मात्र रोट्या लाटायच्या सेवेला बसायला निघाल्या होत्या. हाताला धरून आणल्या. म्हटलं, मामी, आज नाही!

तिथून घाटावर. नगीनाघाट, बंदाघाट, नावं ऐकूनच पोरं गोष्ट मागतात. बहादूरशहा बादशहानं गुरूंना मौल्यवान नगीना भेट दिला आणि त्यांनी तो नदीत टाकला, अशी नगीनाघाटाची आख्यायिका सांगतात. बंदाघाटाला बंदासिंग बहादूरांचं नाव. गोष्टी छान आहेत, पण पाण्याबद्दल खोटं लिहिणार नाही. काठाला जलपर्णी होती, निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या होत्या. नाल्याचं पाणी मिसळतं, हे नांदेडकर स्वतःच सांगतात. पोरांना पाण्यात उतरू दिलं नाही. पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात, आणि पावसाळ्यात वर विष्णुपुरीची दारं उघडली की पाणी बघता बघता चढतं. लेकरं बरोबर असली की वरच्या पायऱ्याच बऱ्या.

मामी तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. बराच वेळ पाण्याकडं बघत. मग हळूच म्हणाल्या, "तुज्या मामाला कुठं सोडलं गं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा वर्षांपूर्वी मामंजी गेले. अस्थी घेऊन पुरुष माणसं जीप करून नांदेडला आली होती. मामी घरात कोपऱ्यात बसलेल्या. बायका जात नसतात म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला काही म्हटलं नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि शेवटी माणूस कुठल्या पाण्यात गेला, ते बघितलेलं नाही. बागेची हौस म्हणे!

जाऊबाईंनी तिथूनच थोरल्या भावोजींना फोन लावला. ते गोंधळले. "पुलाजवळचा कुठला तरी घाट होता... भटजीनं सांगितलं तिथं उतरलो. आता नाव नाही ध्यानात." फोन ठेवल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मामीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. घाट बारा असत्याल, नदी तर एकच हाय."

मामींचं माहेर मांजरेच्या काठचं. मी त्यांना भूगोल सांगितला. आपली मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं उगवते, लातूर जिल्ह्यातून बिदरकडं जाते, तिथून तेलंगणात शिरते, मग उत्तरेला वळते आणि धर्माबादच्या पलीकडं कंदकुर्तीला याच गोदावरीला मिळते. सातशेहून जास्त किलोमीटरचा वळसा आहे तो. मामींनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हंजी माज्या माहेरचं पानी ह्याच गंगेला येतंय?"

"इथं नाही मामी. पुढं. नांदेडच्या खाली."

"मग पुडं गाठ पडली असंल," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. मी काही बोलले नाही. जाऊबाईंनी उगीच पोरांना हाक मारली.

थोड्या वेळानं बघते तर मामींनी काठावरचे पाच गुळगुळीत खडे गोळा केलेले. लेकीला म्हणाल्या, "ये, गजगे खेळू." खडा वर उडवायचा, खालचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. लेक मोबाइलवरच्या गेममध्ये पटाईत, पण इथं दोन डावात हरली. शहात्तर वर्षांचा हात, एक खडा खाली पडला नाही! आजूबाजूला चार-पाच बायका जमल्या. एक नांदेडचीच मावशी पदर खोचून खाली बसली आणि म्हणाली, "मला बी घ्या की डावात." मग पाऊण तास आमचा डाव रंगला.

चार वाजता भूक लागली, तर जाऊबाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी! डबा न्यायचा नाही हे ठरलं होतं ना, म्हणून मी डोळे वटारले. त्या म्हणतात, "डबा कुठाय? फडक्यात बांधलंय." तीन वाजताच उठून केले होते म्हणे. नांदेडच्या मावशीलाही एक दिला, तिनं कृती विचारून घेतली.

संध्याकाळी कारंज्यांचा कार्यक्रम बघायला गोविंदबागेत थांबायचं पोरांच्या मनात होतं, पण शेवटची गाडी चुकली असती. ते पुढच्या वेळी. परतताना पुलावर गाडी आली, तेव्हा मामी जाग्याच होत्या. खिडकीतून हात बाहेर काढला नाही, नुसता गजाला धरून ठेवला. लोह्याच्या पुढं त्यांना झोप लागली.

घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. यांनी भात लावून ठेवला होता, थोडा खाली लागलेला, पण गरम होता. धाकटा जेवताना बापाला नदीचं माप दाखवत होता, दोन्ही हात ताणून, तरी पुरेना. सकाळी मामींच्या खोलीत झाडायला गेले तर उशीजवळ ते पाच खडे ओळीनं मांडून ठेवलेले. मी त्यांच्या कडेकडेनं झाडून घेतलं.