जांभळाचा ओंडका आणि आठ दिवसांचं ऊन

मुळशीतल्या भूगावला आमच्या घरामागे असलेलं जांभळाचं झाड मे महिन्याच्या सुरुवातीला, वळवाच्या पहिल्याच तडाख्यात मुळासकट आडवं झालं. ते सरपणाला द्यायला जीव होईना. चौकशी करता लहान आडवी बँड सॉ असलेली एक वखार सापडली. तिथे ओंडका जागेवर राहतो आणि कापणारा पट्टा रुळांवरून पुढे सरकतो. बुंध्यातून दोन इंची अठरा फळ्या निघाल्या. हाताला गार लागणाऱ्या, ताज्या आणि जड. शेजारी काम करणारे मिस्त्री म्हणाले, "दादा, गच्चीवर उन्हात टाका, आठ दिवसांत खडखडीत होतील."

मी सहा टाकल्या. आठ दिवसांत त्या वरून खडखडीत झाल्याही, पण टोकांपासून हातभर चिरून. एक तर पन्हळीसारखी वाकली. लाकडाबद्दलचे माझे बहुतेक गैरसमज त्या गच्चीवरच फिटले.

पहिला अर्थातच उन्हाचा. लाकूड सुकवायचं म्हणजे तापवायचं, असं आपण धरून चालतो. पण फळीची कातडी झपाट्याने सुकते तेव्हा पोट ओलंच असतं. कातडी आकसू पाहते, पोट तिला आकसू देत नाही, मग कातडी फाटते. शिवाय पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने निघतं, कारण झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून पहिली भेग नेहमी टोकाला दिसते. ओंडका फाडला त्याच दिवशी टोकांना मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट फासला असता, तर माझं अर्धं नुकसान वाचलं असतं.

याच्याच पोटात दुसरा समज दडलेला आहे: पावसाळा हा लाकडाचा वैरी. मुळशीत पाऊस कोसळतो, त्यामुळे हे पटकन पटतं. पण ओल्या फळीला खरा धोका मार्च ते मे या महिन्यांतल्या भाजून काढणाऱ्या कोरड्या वाऱ्याचा. पावसाळ्यातली दमट हवा सुरुवातीचं पाणी सावकाश काढते, त्यामुळे चिरा कमी पडतात. पावसाळ्याचा त्रास वेगळा: हवा खेळली नाही तर बुरशी धरते आणि सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात निळसर डाग उतरतात. उपाय म्हणजे पोकळ थप्पी. जमिनीपासून फूटभर उंच ठोकळे, फळी, तिच्यावर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, पुन्हा फळी. पट्ट्या एकाखाली एक ओळीत हव्यात, नाहीतर फळी त्या जागी वाकते. वर छप्पर, बाजू उघड्या, माथ्यावर वजन. माझ्या उरलेल्या बारा फळ्या अशाच पडवीत लावल्या.

"ओलावा 60 टक्के" म्हणजे फळीच्या वजनातलं 60 टक्के पाणी, असंही वाटतं. तसं नाही. ओलावा सुक्या लाकडाच्या वजनाशी मोजतात. मी एका फळीच्या मधून कापलेला तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर 640 ग्रॅम भरला. 103 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून वजन घटायचं थांबलं तेव्हा उरले 400 ग्रॅम. म्हणजे 240 ग्रॅम पाणी, 60 टक्के. या हिशेबाने काही ताज्या लाकडांचा ओलावा 100 टक्क्यांच्याही वर जातो. ओलावा मोजणारं सुयांचं मीटर सोयीचं खरं, पण 30 टक्क्यांच्या वर त्यावर फारसं विसंबू नये.

हा 30 चा आकडा महत्त्वाचा. त्याच्या वर जे पाणी निघतं ते लाकडाच्या पोकळ्यांमधलं, त्याने फळी फक्त हलकी होते. साधारण 30 टक्क्यांच्या खाली पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि तिथून फळी आकसायला सुरुवात होते. हे आकसणंही सगळीकडे सारखं नसतं. साग पूर्ण सुकेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आकसतो, वर्षवलयांच्या कडेने 5.8 टक्के, लांबीत जवळजवळ नाहीच. वाकणं, पिळणं, मधोमध गाभ्यापासून चिरणं, हे सगळं या असमान हिशेबातून येतं. म्हणून ओंडका फाडताना ऐन मधला बारीक गाभा फळीत येऊ न देणं बरं.

"सागाचं मुरलेलं लाकूड हलत नाही," हे तर घरोघरी ऐकू येतं. मग श्रावणात दार का अडतं? लाकूड कितीही जुनं असो, भोवतालच्या हवेशी ते देवघेव करतच राहतं. एप्रिलमध्ये 8 टक्क्यांवर असलेली सागाची बारा इंची फळी पावसाळ्यात 16 वर गेली, तर 4-5 मिलिमीटरने रुंदावते. जुन्या वाड्यांच्या सुतारांना हे ठाऊक होतं. ते दाराची फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवत, चिकटवत नसत. आजच्या मिस्त्रींना फेव्हिकॉलचा मोह आवरत नाही, त्याला काय करणार!

सागाला कीड लागत नाही, हेही अर्धंच खरं. टिकतं ते त्याचं आतलं गडद लाकूड. सालीलगतचा पांढरा पट्टा कुठल्याही लाकडाइतकाच भुंगेऱ्यांचा खाऊ आहे. आंब्याच्या फळीखाली पिठासारखी पूड पडते ती याच मंडळींची. ते पिष्टमय भागावर जगतात. बांबू पाण्यात मुरवतात त्यामागे हेच आहे: पिष्ट निघून जातं. आणि पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते लवकर कुजत नाही. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची रीत त्यातूनच आली.

हार्डवुड म्हणजे टणक लाकूड, हा समज मात्र दोन वाक्यांत संपतो. शब्द रुंद पानांच्या झाडांसाठी आहे. काडेपेटीच्या काड्यांची मऊ काटेसावर हार्डवुड ठरते आणि तिच्याहून टणक देवदार सॉफ्टवुड.

राहिला कागदांचा विषय. "झाड माझं, जागा माझी" एवढ्यावर भागत नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत सागासोबत आंबा, फणस, जांभूळ, चिंच हीही झाडं आहेत. सॉ मिलबाबत 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले आणि 2016 पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यामुळे लाकूड फाडायचं घरगुती यंत्र विकत घ्यायच्या आधी वनविभागात विचारलेलं बरं. तोडीची परवानगी आणि लाकूड वाहून नेण्याचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिथेच विचारून घ्यावं.

लाकूड सुकायला जाडीच्या "इंचाला एक वर्ष" लागतं, हा ठोकताळा परदेशातून आला, आणि लाकूड कुठलं व हवा कशी यावर तो बदलतो. मी वर्षं मोजत नाही, वजन मोजतो. थप्पीतली एकच फळी दर पंधरवड्याला काट्यावर ठेवायची आणि आकडा पेन्सिलने तिच्याच अंगावर लिहायचा. जूनमध्ये ती 23.2 किलो होती, फेब्रुवारीत 17.2, एप्रिलअखेर 16.7. सुक्या वजनाच्या हिशेबाने तिला 12 टक्क्यांवर यायला अजून अर्धा किलो पाणी सोडायचं आहे. यंदाचा पावसाळा ती पडवीतच काढेल.