सोळा डब्यांची गाडी

आंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही: जिन्यासमोरचा डबा आधी भरतो, आधी रिकामा होतो, टोकाचा डबा सावकाश. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजनचं असंच होतं.

दर 10 मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळू लागतो. वर येताना तो फुफ्फुसावाटे हळूहळू निघून जायला हवा. घाई केली, तर जागच्या जागी बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडतात.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 साली यावरची कोष्टकं मांडली. शरीराचे त्यांनी पाच कप्पे, म्हणजे जणू गाडीचे डबेच, कल्पिले होते: काही लवकर भरणारे, काही सावकाश. त्यांचा मुलगा जे. बी. एस. लहानपणी याच प्रयोगांसाठी पाण्यात उतरला. पुढे तो भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी कप्पे 16 केले. त्यांतला सर्वांत संथ कप्पा निम्मा भरायलाच 635 मिनिटं घेतो.

मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये असंच गणित असतं. दाब मोजणारा सेन्सर आणि घड्याळ यांवरून तो दर काही सेकंदांनी सगळे कप्पे नव्याने हिशेबात घेतो आणि या खोलीवर किती मिनिटं उरली ते दाखवतो. मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा वेगाने वर आलात, तर वाजतो. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबवतो.

पण तो तुमच्या रक्ताला हात लावत नाही, हे विसरू नये. तहान, थकवा, जागरण त्याला कळत नाही. मित्राचा कॉम्प्युटर मधेच बांधून दुसरी बुडी मारली, तर त्यात हिशेब मित्राच्या नायट्रोजनचा असतो!

पर्यटकांची उथळ बुडी वेगळी. दिवसात अनेक खोल बुड्या मारणाऱ्याचे संथ डबे रात्रीही भरलेले असतात. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून विमानाआधी किमान 18 तास थांबायचं. सुमारे 700 मीटर उंचीच्या आंबोलीलाही लगेच चढायचं नाही. कुडाळहून ठाण्याकडे येणारी कोकण रेल्वे मात्र सह्याद्रीचा घाट चढत नाही.