रोहित्रावर पंप किती चालतील?

बांधावरील विद्युत् रोहित्र, ज्यास आपण सर्वजण डी. पी. म्हणतो, ते ऐन रब्बीत जळाले म्हणजे गव्हाची पाण्याची पाळी हुकते आणि दुसरे रोहित्र येईतो उभे पीक डोळ्यांदेखत सुकते. पुष्कळदा याचे मूळ रोहित्राच्या दोषात नसून आपल्या हिशेबात असते. रोहित्र किती प्रवाह देऊ शकते, हे त्याच्या पाटीवरून काढणे मुळीच अवघड नाही.

पाटीवर 25, 63, 100 असा आकडा व त्यापुढे ‘केव्हीए’ ही अक्षरे असतात. एक केव्हीए म्हणजे एक हजार व्होल्ट-अँपिअर, अर्थात दाब व प्रवाह यांचा गुणाकार. तीन फेजच्या रोहित्रात या गुणाकारास आणखी 1.732 ने गुणावे लागते. रोहित्राच्या पंपांकडील बाजूचा दाब सामान्यतः 433 व्होल्ट असतो. 1.732 गुणिले 433 म्हणजे 750. सबब 63 केव्हीएच्या रोहित्राचा प्रवाह 63,000 भागिले 750, म्हणजे 84 अँपिअर होय. तोंडी हिशेबासाठी केव्हीएच्या आकड्यास चाराने गुणून तिनाने भागावे. त्याप्रमाणे 25 केव्हीएस 33 आणि 100 केव्हीएस 133 अँपिअर येतात.

येथे एक चूक हमखास होते. एका गावच्या बैठकीत एका जाणत्या शेतकऱ्याने विचारले, “साहेब, तारा तीन, मग 84 त्रिक 252 अँपिअर का धरू नयेत?” शंका रास्त होती. परंतु तीन फेजची मोटारही तिन्ही तारांतून प्रवाह घेते. पाच अश्वशक्तीची मोटार सुमारे 8 अँपिअर घेते, ते प्रत्येक तारेतून. म्हणून 84 ला 8 ने भागावयाचे. म्हणजे दहा पंप झाले, अकरावा नव्हे.

आता त्याच रोहित्रावर सोळा पंप चालले, तर प्रवाह 128 अँपिअर, म्हणजे सुमारे दीडपट होतो. वेटोळ्यांतील उष्णता मात्र दीडपट होत नाही. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सव्वादोन पटींहून अधिक होते. तेल तापते, वेटोळ्यांवरील कागदाचे आवरण करपते. शिवाय भार वाढला की दाब उतरतो आणि उतरलेल्या दाबावर तेवढेच काम करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते. असे हे दुष्टचक्र आहे. फ्यूज वितळून रोहित्र वाचावयाचे, तर तेथे कोणीतरी जाड तार गुंडाळून ठेवलेली असते!

कागदोपत्री पाच आणि विहिरीवर साडेसात अश्वशक्ती, हा प्रकारही सर्वांच्या परिचयाचा आहे. साडेसातची मोटार 11 ते 12 अँपिअर घेते. अशा मोटारी 84 अँपिअरमध्ये सातच बसतात.

सुरू होताना मोटार क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ऑटो स्विच लावलेले दहा पंप वीज येताच एकदम सुरू झाले, तर ही ओढ चारशे अँपिअरच्या वर जाते. म्हणून ऑटो स्विच काढून पंप पाठोपाठ, थोड्या थोड्या अंतराने सुरू करावेत.

प्रत्येक मोटारीस योग्य मापाचा कॅपॅसिटर बसविल्यास तारेतील प्रवाह बराच कमी होतो. पॉवर फॅक्टर 0.80 वरून 0.95 वर आला, तर 8 अँपिअरच्या जागी 6.7 अँपिअर पुरतात. मग त्याच 63 केव्हीएवर दहाऐवजी बारा पंप चालू शकतात. कॅपॅसिटर हा बिघडलेला पंप दुरुस्त करणारा डबा नव्हे, एवढे मात्र ध्यानात असावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक रोहित्रावरील मोटारींची यादी करावी. तीत मोटारीच्या पाटीवरील अश्वशक्ती व अँपिअर लिहावेत, वीजबिलावरील नव्हेत. प्रत्यक्ष प्रवाह वीज कंपनीच्या वायरमनकडूनच मोजून घ्यावा. रोहित्राच्या पेटीस इतर कोणीही हात लावू नये. बेरीज पाटीवरील आकड्याहून अधिक भरली, तर ती यादी रोहित्राच्या क्षमतावाढीच्या अर्जास जोडावी आणि तोवर पंपांच्या पाळ्या बांधून घ्याव्यात.