निखाऱ्यावरची निळी ज्योत

कपाशीची पऱ्हाटी जळून संपली, धूर ओसरला, की शेगडीत लालबुंद निखारे उरतात. दिवा मालवून त्यांच्याकडे बघत बसा. वरच्या थरावर एक फिकट निळी ज्योत लवलवताना दिसेल, इतकी हलकी की उजेडात ती दिसणारही नाही. ती ज्योत म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड.

निखाऱ्यांच्या पोटात काय चाललेलं असतं ते विलक्षण आहे. खालून शिरलेल्या हवेतला ऑक्सिजन कोळशाशी मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना पुन्हा लाल कोळशाला भिडतो, त्यातला आणखी एक कार्बन उचलतो, आणि एका रेणूचे दोन रेणू होतात, दोन्ही कार्बन मोनॉक्साइडचे. वर पुरेशी हवा आणि धग मिळाली तर तो निळा होऊन जळून जातो. पण निखाऱ्यांवर राख बसली, धग उतरली, की निळी ज्योत विझते. वायू मात्र निघतच राहतो, न जळता. शेगडी निवत आली, धूर नाही, आता आत न्यायला हरकत नाही, असं आपल्याला ज्या घडीला वाटतं, तीच घडी धोक्याची.

वडनेरचंच उदाहरण घ्या. हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं, कापसाच्या मुलखातलं गाव. उन्हाळ्यासाठी वर्धा जिल्हा सगळ्यांना ठाऊक आहे; पण पौषातली पहाटही इथे अंगात शिरते. वेचणी झालेल्या पऱ्हाटीचा ढीग असतोच. अंगणातल्या शेकोटीची मला मुळीच भीती वाटत नाही, तिच्यावर आभाळ उघडं असतं. भीती वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. खिडकी लावलेली, दाराच्या फटीत कापड कोंबलेलं, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, त्यावर ओव्या-शेपांची धुरी. यातली प्रत्येक गोष्ट मायेनं केलेली असते. पण तान्ह्याचा श्वास मोठ्या माणसाच्या श्वासापेक्षा कितीतरी जलद चालतो, त्यामुळे खोलीतल्या हवेत जे असेल ते त्याच्या रक्तात आधी भरतं.

या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना चुरचुरत नाही, घशाला खवखवत नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा; इथे तशी कुणी सोय केलेली नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातल्या जागा एकेक करून अडवत जातो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि झोप येते. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही. मुंबई-पुण्याकडच्या बंद न्हाणीघरांत गॅस गिझरने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो त्या याच वायूच्या. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. त्यांत लहान मुलंही होती.

आणखी एक चकवा ऐका. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. तो दोन रंगांचा प्रकाश बोटातून पाठवून रक्त किती लाल आहे ते बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच असतं. त्यामुळे आत माणूस गुदमरत असताना ऑक्सिमीटर अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो.

मग या वायूला ओळखणार कोण? स्कॉटलंडचे शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणीतल्या स्फोटांनंतर होणाऱ्या मृत्यूंचा तपास केला, स्वतः हा वायू हुंगून स्वतःचं रक्त तपासलं आणि १८९६च्या अहवालात दाखवून दिलं की बहुतेक खाणकामगार स्फोटाने नव्हे, या वायूने मरतात. खाणीत सोबत छोटा प्राणी न्यावा, ही सूचना त्यांचीच. उंदरापेक्षा कॅनरी पक्षी बरा ठरला. त्याचा श्वास जलद, आणि झोक्यावरून खाली पडला की लगेच दिसतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी निवृत्त झाले ते थेट १९८६ साली. त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

ते यंत्र आज तळहाताएवढ्या डबीत मावतं: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. त्याच्या आत आम्लात भिजलेले प्लॅटिनमचे इवलेसे पत्रे असतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू त्यातल्या एकावर पोचला की पाण्यातला ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो. हे इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या पत्र्याकडे वाहतात. वायू जितका जास्त, प्रवाह तितका जास्त. जो वायू माणसाच्या पाचही इंद्रियांना कळत नाही, तो स्वतःच वीज निर्माण करून आपली वर्दी देतो!

त्याहून मला थक्क करतो तो या यंत्राचा धीर. युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असला, तर अलार्म तास-दीड तासाने वाजतो. १०० भाग असले तर १० ते ४० मिनिटांत. ३०० असले तर तीन मिनिटांच्या आत. हा उशीर म्हणजे बिघाड नव्हे. रक्तात वायू साठायला जो वेळ लागतो, त्याचाच हिशेब त्या डबीत भरलेला आहे. म्हणून निखाऱ्यांवर धरून ‘वाजतो का बघू’ अशी परीक्षा घेऊ नका.

हा वायू जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा, त्यामुळे खोलीभर मिसळतो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. त्याचा अलार्म वेगळा, आणि दुकानात ‘गॅस अलार्म’ म्हणून बहुधा तोच पुढे केला जातो. डबीवर कार्बन मोनॉक्साइड लिहिलंय ना, हे वाचूनच घ्या. झोपायच्या खोलीत, उशीच्या किंवा उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ती लावा. पडद्याआड नको, चुलीच्या अगदी माथ्यावर नको, न्हाणीच्या वाफेत नको. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर नकोच. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि डबी त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजून ओरडते. भारनियमनाच्या आपल्या गावांत हे लक्षात ठेवायला हवं.

महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. त्या बटणाने भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच कळतं, आतला संवेदक जिवंत आहे की नाही हे कळत नाही. तो पाच ते दहा वर्षांत थकतो. मागे छापलेली तारीख उलटली की डबी कितीही नवी दिसली तरी बदलायची. जाळीवरची धूळ कोरड्या कापडाने पुसा. फिनेल, स्प्रे लावू नका. दिवाळीचा रंग चालू असेल तेव्हा ती काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांनी एकच ‘टिक’ असा आवाज आला तर बॅटरी संपली किंवा डबीचं आयुष्य. सलग जोरात वाजली तर मात्र आधी सगळ्यांना बाहेर काढा.

तरीही डबी ही दुसरी पायरी. पहिली पायरी याच जिल्ह्यात दाखवली गेली आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या काळात ग्रामीण घराचा बारकाईने विचार केला. तिथल्या मगन चुलीला धुराडं होतं. जे जळतं त्याचा वायू घराबाहेर गेला पाहिजे, याहून मोठा उपाय आजही कुणाकडे नाही.

रक्तात शिरलेला हा वायू साध्या हवेत निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो. म्हणून घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, तर उघड्यावर या, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात ऑक्सिमीटरचा आकडा सांगण्याआधी एवढं सांगा: खोलीत निखारे होते.