स्टेरॉइड क्रीम आणि मॉइश्चरायझर: मध्ये अर्धा तास जाऊ द्या

आज दुकानात एका ताईंनी विचारलं, "बाळाच्या एक्झिमाला दोन्ही क्रीम एकत्र कालवून लावू का?" फार्मासिस्ट म्हणून सांगते, नको.

कालवल्याने स्टेरॉइड पातळ होतं आणि चांगल्या त्वचेवरही पसरतं. आधी कोणतंही लावा, पण मध्ये २० ते ३० मिनिटं जाऊ द्या.

स्टेरॉइड फक्त लाल, खाजऱ्या चट्ट्यांवर, डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते.

मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने, अंघोळीनंतर अंग टिपून लगेच.

नायट्यावर किंवा गोरेपणासाठी स्टेरॉइड मनाने लावू नका. नायटा पसरतो, त्वचा पातळ होते.

शंका असेल तर नक्की विचारा.