मौखिक इतिहास आणि समूहस्मृती : १९७२ च्या दुष्काळाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासलेखनात लिखित दस्तऐवजाला दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. परंतु ज्या समाजघटकांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा भूतकाळ दप्तरात बहुधा आकड्यांच्या रूपानेच उरतो. ही उणीव भरून काढण्याचे कार्य मौखिक इतिहास करतो. १९४८ मध्ये ॲलन नेव्हिन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात पद्धतशीर मुलाखतींचा उपक्रम सुरू केला व या पद्धतीस विद्यापीठीय अधिष्ठान लाभले.

संकल्पना :
स्वतः अनुभवलेल्या घटनेविषयीची साक्ष म्हणजे मौखिक इतिहास. तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आख्यायिका, वंशावळ किंवा ओवी म्हणजे मौखिक परंपरा. जात्यावरच्या ओव्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्रस्तुत लेखाचा विषय पहिला प्रकार आहे.

दप्तर आणि आठवण :
१९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात तीव्र दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली. या अनुभवातून रोजगार हमी योजनेस बळ मिळाले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ही माहिती दप्तरातून मिळते. मात्र खडी फोडताना तान्हे मूल कोठे ठेवले, सुकडी घरात कोणाच्या वाट्याला आली, लाल मिलोची भाकरी कशी थापली, हे हजेरीपटावर नोंदलेले नसते. ते त्या पिढीतील स्त्री-पुरुषांनाच विचारावे लागते.

स्मृतीची विश्वासार्हता :
स्मृती सदोष असते, हा या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप होय. या संदर्भात इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे विवेचन महत्त्वाचे ठरते. तेर्नी येथील कामगार लुईजी त्रास्तुल्ली १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. परंतु अनेक निवेदकांनी हा मृत्यू १९५३ मधील कामगारकपातविरोधी संघर्षात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, तर तिचा अर्थ शोधला. समूहाने तो मृत्यू स्वतःच्या सर्वांत मोठ्या लढ्याशी जोडला होता.

आपल्याकडेही असेच दिसते. २०१२-१३ च्या दुष्काळात वृद्ध शेतकरी वारंवार सांगत की, बहात्तर साली धान्य नव्हते, पण विहिरीला पाणी होते. आता धान्य आहे, पाणी नाही. हे विधान प्रत्येक गावास लागू पडेलच असे नाही. तथापि त्यात बहात्तरच्या आठवणीइतकीच भूजल उपशाविषयीची आजची चिंताही आहे. म्हणजेच साक्षीतून आपणास दोन काळांचा इतिहास मिळतो : जो सांगितला जातो तो आणि ज्यात सांगितला जातो तो.

समारोप :
१९७२ मध्ये विशीत असलेली व्यक्ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. दप्तर उद्याही उघडता येईल, ही साक्ष मात्र उद्या मिळेलच असे नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरातच हे साक्षीदार आहेत. निवेदकाची संमती घेणे, त्याची बोली जशीच्या तशी टिपणे, मुलाखतीची तारीख नोंदविणे व निवेदन दप्तराशी पडताळणे, एवढी शिस्त पाळल्यास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून विश्वसनीय साधनसंग्रह उभा राहू शकतो. पडताळणीत विसंगती आढळल्यास ती खोडून न टाकता तिचा अर्थ शोधावा. समूहस्मृतीच्या अभ्यासाचा प्रारंभ तेथूनच होतो.